मूळ निर्माता : पंचफुला देवराव मुनेश्वर

चार, शून्य, शून्य, नऊ, दोन, सात. “जेवली का?”

भागीदारास सोनेरी खूण मिळेल. खूण कोणतेही कारण न देता परत घेतली जाऊ शकते.

डोळे मिटा. उघडा. मान डावीकडे वळवा. तुम्ही माणूस आहात, अभिनंदन.

बेल्जियममधला एक जण लिहितो : आज मी हे सगळं सोडून निघालो. गेल्या वर्षीही तो दोनदा निघाला होता.

खाली कृषी केंद्र, वर आमची खोली. औषधांचा वास कपड्यांत शिरतो. आई विचारते, तू कम्प्युटर चालवतेस का फवारणी करतेस?

हा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

*

रकाना : तुम्ही कोण आहात (दोनशे अक्षरांत)

दोनशेत मावत नाही.

मी ममता. माझ्याबरोबर अतुल आणि रजत. तिघं यवतमाळच्याच इंजिनीअरिंग कॉलेजातले. आता आर्णी रोडवर एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत बसून काम करतो. रजत अमेरिकेतल्या दातांच्या डॉक्टरांच्या वेबसाइटी बनवतो. अतुल शाळांसाठी हजेरीचं ॲप चालवतो. मी ‘सरकी’ सांभाळते.

सरकी म्हणजे काय, ते सांगते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठी टाइप व्हायची ती ज्याच्या-त्याच्या वेगळ्या फॉन्टमध्ये. आज ती फाइल उघडली की अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसतो. माझा प्रोग्राम तो कचरा घेतो आणि वाचता येईल अशी मराठी बाहेर काढतो. जिनिंगमध्ये रुईतून सरकी वेगळी निघते, तसं. जुनी साप्ताहिकं, ग्रामपंचायतींचे ठराव, कुणाच्या आजोबांचं टाइप केलेलं आत्मचरित्र. तीनशेच्या वर ठिकाणी वापरतात. फुकट.

हे सगळं ठेवलेलं असतं मर्जयार्डवर. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम तिथे आणून लावतात, बाजार समितीच्या यार्डात गाड्या लागतात तसं. कोणीही यावं, मूठभर हातात घेऊन पाहावं, नाक मुरडावं, न्यावं. फरक एवढाच की इथे माल बहुतेक फुकट असतो आणि श्रीमंत होतो तो यार्डाचा मालक.

आमचं तिघांचं तिथे एकच खातं आहे. कॉलेजात लॅपटॉप एकच होता, रजतचा. म्हणून खातंही एकच काढलं. पुढे लॅपटॉप तीन झाले, रजतनं दातांच्या कामासाठी एक वेगळं काढलं, पण तिघांचं खातं तेच राहिलं. कुणी काय केलं ते कळावं म्हणून प्रत्येक नोंदीखाली आपापलं अक्षर टाकायचं ठरलं. मी ‘— म’, अतुल ‘— अ’, रजत ‘— र’. सरकीच्या सहा वर्षांच्या नोंदी खालीवर करून पाहिल्या तर म, म, म, म, मध्येच एक अ, पुन्हा म.

आणि खात्याचा फोन नंबर अतुलच्या आईचा.

तेही मुद्दाम नव्हतं. तेव्हा अतुलच्या आधारवर नाव चुकीचं छापलं होतं, म्हणून सिम त्यानं आईच्या कागदांवर घेतलं. नंतर त्याचं आधार दुरुस्त झालं, त्यानं नवीन सिम घेतलं, आणि जुनं गेलं आईच्या बटणांच्या फोनमध्ये, केळापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी. तेव्हापासून मर्जयार्डवर नव्यानं लॉगिन करायचं म्हटलं की सहा आकडे पंचफुलाकाकूंच्या फोनवर जातात आणि आम्ही त्यांना फोन लावतो.

“काकू, नंबर आला असन पाहा.”

“थांब, हात पुसतो. हं. चार, शून्य, शून्य, नऊ, दोन, सात. जेवली का?”

सहा वर्षं हे असंच. नंबर बदलून घ्यावा असं दर सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणायचं. मग दुसरं कुणीतरी म्हणायचं, राहू दे ना, काकूंची खबरबात कळते.

*

रकाना : आमच्या कार्यक्रमाबद्दल तुम्हाला कुठून कळले

शुक्रवारी, रजतकडून. तो खोलीत आला तोच मोठ्यानं वाचत.

“ऐका बे. ‘प्रिय निर्मात्या, तुझ्याशिवाय आम्ही कोण?’ ”

“कोण मेलं?” मी म्हटलं.

“मर्जयार्ड भागीदार कार्यक्रम. सोनेरी भागीदार, रुपेरी भागीदार. ‘तुझं काम आता एकटं चालणार नाही.’ ”

“बरोबर आहे,” अतुल म्हणाला, “नेट बंद पडलं का कायचंच काम चालत नाही.”

रजतनं पुढच्या अटी वाचल्या. भागीदाराच्या नावापुढे सोनेरी खूण येईल. एक टी-शर्ट मिळेल. त्या बदल्यात कुणीही काहीही विचारलं तरी अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यायचं. आपल्या पानावर मर्जयार्डच्या यांत्रिक मदतनिसाचं बटण लावायचं. आणि त्या मदतनिसाला आपला सगळा कोड वाचून शिकू द्यायचं. शिकून तो काय करणार? आपलंच काम आपल्या नावाशिवाय दुसऱ्याला विकणार. हे शेवटचं अटींत नव्हतं. ते लोकांनी आपणहून ओळखलं.

मराठी भाषांतर मशीननं केलेलं होतं. त्यात एके ठिकाणी ‘तुमचे प्रेम आम्ही राखून ठेवतो’ असंही होतं.

प्रतिक्रियांचं पान तोवर पेटलं होतं. दुपारपर्यंत चारशे. काही इथे देते. मराठी मी केलंय, शिव्या गाळल्या आहेत, त्यामुळे लांबी निम्मी झाली आहे.

जर्मनीतला एक : ही खूण नाही, गाईच्या कानातला बिल्ला आहे.

पोलंडमधली एक बाई : अटींमध्ये ‘आम्ही करू शकतो’ एकतीस वेळा आहे, ‘तुम्ही करू शकता’ एकदा. तेही ‘तुम्ही अभिमान बाळगू शकता’ असं.

कुणीतरी : टी-शर्ट सुती आहे का?

बेल्जियमवाल्याचं वर दिलंच आहे.

रजतनं आमच्या खात्यातून लिहिलं : मेलो तरी सही करणार नाही. — र

आणि मग मी. त्या दिवशी सकाळी सरकीबद्दल एकाची तक्रार आली होती, की फुकट असूनही ती हळू चालते. तो राग हाताशी होताच.

मी लिहिलं : आमच्याकडे बटईनं शेती करतात. त्यातही भागीदार असतात. एकाचं शेत, दुसऱ्याची मेहनत, बी-खत अर्धं अर्धं, माल अर्धा अर्धा. तुमच्या भागीदारीत शेत माझं, बी माझं, मेहनत माझी. तुम्ही बांधावर उभे राहून माझ्या पाठीला चिकटपट्टी लावणार, आणि ती ओरबाडून काढायचा हक्कही तुमचाच. तुमच्यापेक्षा आमच्या शेतावरचं कुत्रं बरं. ते फुकटाची भाकर खातं, पण रात्री भुंकतं तरी. — म

संध्याकाळपर्यंत सहाशे अंगठे. सोमवारी अकराशे. जपानमधल्या कुणीतरी त्या ओळींचं चित्र करून टाकलं, खाली झोपलेल्या कुत्र्यासकट. मी ते चित्र आईला दाखवलं. आई म्हणाली, “कुत्र्याचं छान काढलं आहे. तुझं नाव कुठे आहे?”

मी म-वर बोट ठेवलं.

“हे नाव आहे?”

*

रकाना : कृपया थांबा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्या प्रतिक्रियेशेजारी सोनेरी खूण आली.

फक्त तिथेच नाही. आमच्या खात्याच्या प्रत्येक अक्षराशेजारी. सहा वर्षांच्या सगळ्या म-पुढे एकेक सोन्याचा ठिपका, पुरळ उठावं तसा. रजतच्या ‘मेलो तरी’शेजारीसुद्धा.

माझ्या प्रतिक्रियेखाली मर्जयार्डच्या माणसाचं उत्तर : इतक्या मनमोकळ्या अभिप्रायाबद्दल आभार! आमच्या पहिल्या शंभर सोनेरी भागीदारांपैकी एकाकडून असा अभिप्राय येणं ही आमच्या कुटुंबाची ताकद आहे.

जगाला हसायला दोन मिनिटं लागली.

जर्मन : गळ्यात पट्टा घालून भुंकणारं पहिलं कुत्रं.

पोलंडची बाई : वाईट वाटलं. खरंच.

कुणीतरी : टी-शर्ट आला का?

मी खुर्ची फिरवली. अतुल भिंतीकडे तोंड करून हजेरीचं ॲप दुरुस्त करत होता. पाठीवरूनच कळलं.

“अतुल.”

“सांगणारच होतो तुले.”

“कधी? माह्या तेराव्याले?”

रजतला अजून काही कळलं नव्हतं. “हॅक झालं का बे?”

“नाही,” मी म्हटलं. “घरातलाच निघाला.”

अतुलनं खुर्ची वळवली. चेहरा पडलेला, पण आवाज पडलेला नाही. “तू अटी पूर्ण वाचल्या का? पाचव्या पानावर काय आहे? प्रत्येक कामाले एक ‘मूळ निर्माता’ पायजे. एकच माणूस, खरं नाव, ओळख पटवलेला. तीस तारखेपर्यंत कोणी पुढे नाही आलं तर ज्या भागीदारापाशी त्या कामाची चालती नक्कल आहे, थो मूळ निर्माता. सरकीची नक्कल कोणापाशी आहे?”

मला माहीत होतं. हैदराबादच्या एका कंपनीनं वर्षभरापूर्वी सरकी उचलून स्वतःच्या पानावर लावली होती. परवानगी होतीच, फुकट आहे, कुणीही न्यावं. पण पहिल्याच दिवशी ते सोनेरी भागीदार झाले होते.

“तीस तारखेले थे मूळ झाले असते न् तू नक्कल,” अतुल म्हणाला. “सहा वर्ष तू मरमर करून राह्यली. मले पाह्यलं नाही गेलं.”

“मग मले विचारायचं.”

“तू नाही म्हणाली असती. तू तर थितं कुत्र्यावर कविता करून राह्यली होती.”

मी दुसरा प्रश्न विचारला. “मूळ निर्माता म्हणून नाव कोणाचं टाकलं?”

अतुल पुन्हा भिंतीकडे वळला.

“माह्यं टाकलं का?”

“नंबर ज्याच्या नावावर, त्याचंच नाव घेते थे. आधार लागते, चेहरा लागते.”

मी सरकीचं पान उघडलं. वर, ठळक अक्षरांत, गोल चौकटीतल्या फोटोसह : मूळ निर्माता, पंचफुला देवराव मुनेश्वर. डोक्यावर पदर, डोळे उन्हानं बारीक, मागे तुरीची फांदी. रविवारी घरी गेला होता तेव्हा त्यानं आईला शेतातच फोनसमोर उभं करून डोळे मिटायला-उघडायला लावलं होतं. काकूंनी विचारलंही नाही कशाला. त्यांना वाटलं, पेन्शनवाल्यांसारखं दरवर्षी दाखवावं लागत असेल की बाई जिवंत आहे.

रजत टेबलावर डोकं टेकवून हसत होता. “काकू तर सिनिअर डेव्हलपर निघाल्या बे! माह्या पगाराचं बोल न त्यायच्याशी.”

मला हसू आलं नाही. हे इथे एकदाच सांगते. माझ्याकडे कुठल्या कंपनीचं पत्र नाही, गळ्यात अडकवायचं कार्ड नाही. सहा वर्षांत काय केलंस असं कुणी विचारलं तर दाखवायला हे एक पान आहे. आणि त्या पानावर म्हणून जे काही होतं ते म होतं.

“नवीन खातं उघड,” रजत डोळे पुसत म्हणाला. “थितं टाक सरकी.”

“मग सहा वर्षाचं काम आज सकाळी केल्यासारखं दिसन.”

“मग नको उघडू.”

रजतचे सल्ले असे असतात.

*

रकाना : मदत हवी आहे का? होय / हो

मी मदतीच्या पानावर लिहिलं की नाव चुकलं आहे. मशीननं उत्तर दिलं की नाव बरोबर आहे. मी लिहिलं की मी ममता आहे. मशीननं लिहिलं, नमस्कार पंचफुला.

बुधवारी दुपारी एका खऱ्या माणसाचा निरोप आला. नाव प्रियंका, हुद्दा ‘भागीदार यश व्यवस्थापक’. मूळ निर्माता बदलता येतो, पण त्यासाठी आताच्या निर्मात्यानं व्हिडिओ कॉलवर येऊन ते स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. गुरुवारी अकरा वाजता.

गुरुवारी सकाळी अतुल आणि मी पांढरकवड्याच्या एसटीत बसलो. अडीच तासांत तो चारदा सॉरी म्हणाला, मी चारही वेळा खिडकीबाहेर पाहिलं. मध्ये त्यानं फोन पुढे केला.

“हे पाह्य.”

रजतचं स्वतःचं, दातांच्या डॉक्टरांसाठीचं वेगळं खातं. त्यापुढे रुपेरी खूण.

“कधी?”

“काल. म्हणे, मेलो तरी सही करत नाही म्हटलं थे आपल्या खात्यातून, ह्या खात्यातून नाही.”

बेल्जियमवालाही रुपेरी झाला होता. तो निघाला होता तो बहुधा यासाठीच.

काकू शेतात होत्या. वेचणीचे दिवस. साडीवर देवरावकाकांचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, कापसाच्या बोंडांनी हात ओरखडू नयेत म्हणून सगळ्याच बायका घालतात तसा. कमरेला बांधलेली ओटी कापसानं फुगलेली. आम्हाला पाहून म्हणाल्या, “दोघंही आले? नंबर फोनवर सांगतला असता न माय.”

“आज नंबर नाही काकू. आज बोलायचं आहे तुम्हाले.”

“मले? कोणाशी?”

सावलीत, बांधावरच्या निंबाखाली बसलो. अतुलनं फोन पाण्याच्या कॅनला टेकवून उभा केला. अकराला प्रियंका आली. मागे पुसट केलेली खोली, त्यात एक न पुसलेलं प्लॅस्टिकचं झाड.

“नमस्ते पंचफुला जी! पार्टनर परिवार में स्वागत है। आप कब से कोडिंग कर रही हैं?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. “काय करून राह्यली म्हणते? कापूस वेचून राह्यली मी.”

“वाह! कितना रियल है।” प्रियंका बाजूला कुणालातरी म्हणाली, “रेकॉर्ड हो रहा है ना?”

“काकू,” मी म्हटलं, “त्यायले फक्त सांगा, हे काम कोणी केलं.”

काकू सावरून बसल्या. ओटी मांडीवर घेतली. हिंदी त्यांची बाजाराची, पण पक्की. “देखो बाई. मैं नंबर बताती. छह साल से बताती, एक भी गलत नहीं बताया. लिखने का काम ये लडकी करती. ममता. इसका नाम लगाओ, मेरा निकालो. फोटो भी मेरा अच्छा नहीं आया.”

एवढ्या थोडक्यात माझी बाजू आजवर कुणी मांडली नव्हती. मीही नाही.

“परफेक्ट!” प्रियंका म्हणाली. “दो मिनट का काम है। बस एक छोटी सी चीज़।”

पडद्यावर माझी प्रतिक्रिया आली. बटई, चिकटपट्टी, कुत्रं. सगळी पिवळ्या रंगात रंगवलेली, परीक्षेत चूक दाखवतात तशी.

नवीन मूळ निर्मात्याची आधीची सार्वजनिक वक्तव्यं सकारात्मक किंवा तटस्थ असायला हवीत, असं कलम होतं. काकूंची वक्तव्यं तटस्थ होती, कारण नव्हतीच. माझं हे एक होतं. पुसायला आम्ही सांगत नाही, प्रियंका म्हणाली. पुसलं तर लोक आरडाओरड करतात. फक्त थोडं मऊ करा. तुमचा वेळ वाचावा म्हणून आमच्या मदतनिसानं एक मसुदा करून ठेवलाय. मंजूर म्हणा, लगेच नाव बदलते.

मसुदा आला. इंग्रजीत होता, मराठी मी केलंय.

‘शेतकऱ्यांच्या भूमीतून आलेली असल्यामुळे, भागीदारीचा अर्थ मला ठाऊक आहे. सुरुवातीला माझ्या मनात काही शंका होत्या. पण मर्जयार्डनं माझं ऐकून घेतलं. या प्रवासासाठी मी उत्सुक आहे. — म’

“काय म्हणते थे?” काकूंनी विचारलं.

“नाव पायजे असन तर बोललेलं बदलवा म्हणते.”

“मग बदलव न. रागात माणूस काहीबी बोलते. मी अतुलच्या बाबाले रोज बोलतो न् रोज बदलवतो.”

“कर न यार ममता,” अतुल म्हणाला. “चार ओळी आहेत. कोण वाचते? नाव कायमचं राहीन.”

त्याचं बरोबर होतं. चार ओळी. त्या अकराशे अंगठेवाल्यांपैकी निम्मे एव्हाना खूण लावून बसले होते. ज्यांच्यासमोर मान खाली जाईल असं मला वाटत होतं, त्यांची मान आधीच टी-शर्टातून बाहेर आली होती. माझा अंगठा हिरव्या बटणावर गेलाही होता.

मग मी मसुदा शेवटपर्यंत वाचला.

उत्सुक वगैरे ठीक आहे. शेतकऱ्यांची भूमी, तेही एक वेळ. पण खाली आडवी रेघ, एक जागा सोडून, म. अगदी मी टाकते तसा. सहा वर्षांत ते अक्षर मी लिहिलेल्या ओळीशिवाय दुसऱ्या कशाखाली गेलं नव्हतं. एकदा रजतनं चुकून टाकलं होतं, तेव्हा मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. मदतनिसानं माझ्या सगळ्या नोंदी वाचल्या होत्या आणि त्यातून तो एवढंच शिकला होता, सही कुठे मारायची.

“ये मैंने नहीं लिखा,” मी म्हटलं.

“हाँ हाँ, आप बस अप्रूव कर दीजिए।”

“मैंने नहीं लिखा तो नीचे मेरा अक्षर कैसे है?”

“वो तो स्टाइल मैच करता है।” प्रियंकाला खरंच कळत नव्हतं. तिचा चेहरा चांगला होता. “ममता जी, आज नहीं किया तो नेक्स्ट रिव्ह्यू एक साल बाद है।”

“नाही.”

“सॉरी?”

“नाई म्हणते थे,” काकू म्हणाल्या. त्यांनी कॅनला टेकवलेला फोन उचलला, लाल बटण शोधलं, दाबलं, आणि फोन अतुलच्या हातात दिला. “उन्हं वर आली. जेवणाले दोन तास राह्यले, कापसाच्या दोन वळी वेचू लागा.”

आम्ही वेचू लागलो. अतुलला येतं. मला येत नाही. माझ्या हातांना ओरखडे पडले आणि माझ्या ओटीत कापसापेक्षा पालाच जास्त निघाला. काकूंनी तो सगळा निवडून टाकला. मग एकदम म्हणाल्या, “मंग थितं माह्यंच नाव राह्यते का?”

“राहते काकू.”

“न् मले कोणी विचारलं त काय सांगू?”

“नंबर सांगा,” अतुल म्हणाला.

त्या हसल्या. मीही हसले, त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा. अतुलला वाटलं मिटलं. मिटलं नव्हतं, पण त्याला तसं वाटू दिलं.

*

रकाना : इतर काही

तीस तारीख गेली. हैदराबादवाल्यांना मूळ होता आलं नाही. जागा भरलेली होती. हे अतुलमुळे झालं, आणि हे मी त्याला तोंडानं सांगितलेलं नाही.

टी-शर्ट आला. अर्ध्या बाह्यांचा. काकूंनी हातात धरून उलटसुलट पाहिला. “कोपरापासून खाली काय गुंडाळू? शिकलेल्या लोकायले एवढं समजत नाही?” आता त्यानं फवारणीचा पंप पुसतात. सुती नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. पाणी टिपत नाही.

प्रियंकानं केलेल्या रेकॉर्डिंगमधले बावीस सेकंद मर्जयार्डनं लावले. ‘नंबर बताती’च्या आधी कापलेले. कापूस, शर्ट, पदर, आणि ‘कितना रियल है’. ज्या पानावर आठवडाभर थुंकणं चाललं होतं, तिथे आता हात जोडलेले. जर्मन म्हणाला, शरम वाटते, ही बाई शेतात राबून आपल्यापेक्षा स्वच्छ कोड लिहिते. पोलंडची बाई रडली. बेल्जियमवाल्यानं जाहीर केलं की असे भागीदार असतील तर आपण थांबू. कॅनडातल्या एका विद्यार्थ्यानं ‘कापसाच्या शेतातली प्रोग्रामर’ म्हणून लेख लिहिला. तुमच्या प्रेरणा कोण, असं विचारणारं पत्र काकूंना पाठवलं. ते खात्यावर आलं, म्हणजे माझ्याकडे.

मी अठ्ठेचाळीस तासांत उत्तर दिलं, अटीप्रमाणे. काकूंच्या वतीनं लिहिलं, सरकी मी लिहिलेली नाही, ममतानं लिहिली आहे, मी आकडे सांगते. खाली म. त्याला तो विनय वाटला. लेखात एक परिच्छेद त्यानं विनयावर वाढवला.

माझी प्रतिक्रिया अजून तिथे आहे, सोनेरी ठिपक्यासह. अंगठे थांबले. परवा एका नवख्यानं विचारलं, या बाई प्रत्येक उत्तराखाली म का लिहितात? कुणीतरी सांगितलं, बहुतेक ‘मदर’. त्याला चाळीस अंगठे.

गेल्या आठवड्यात वणीच्या एका निवृत्त मास्तरांची फाइल आली. १९९८ साली टाइप केलेली तीनशे पानं, आणि त्यात प्रत्येक ‘ऱ्या’ फुटत होता. शेतकऱ्या, वाऱ्या, पायऱ्या, सगळं अर्धवट. तीन दिवस लागले. आता फुटत नाही. मास्तरांनी पंचफुलाबाईंचे आभार मानलेत.

खातं उघडलं त्या दिवशी, जून २०१९ मध्ये, अतुलनं नावाच्या रकान्यात आधी ‘ममता’ लिहिलं होतं. तिघांचं खातं, एकटीचं नाव कशाला, म्हणून ते मीच पुसायला लावलं.